मॉडेल अंतराळयानात दिवे बसवायचेत? आधी प्रकाश अडवायला शिका

खोलीतला दिवा बंद केला, चार्जरचे बटण दाबले आणि तीन आठवडे खपून जोडलेले अंतराळयान उजळले. पण उजळले ते भलतेच. खिडक्यांतून प्रकाशाचे बारीक ठिपके दिसायला हवे होते. प्रत्यक्षात यानाचे अख्खे अंगच आतून पेटल्यासारखे दिसत होते. जोडांच्या फटींतून प्रकाशाच्या रेघा भिंतीवर पडल्या होत्या. आई दारातून डोकावली आणि म्हणाली, ‘‘दिवाळी तर लांब आहे. आकाशकंदील कशाला केलास आत्ता?’’

मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची इंजिनीअर. एलईडीचे गणित चार वर्षे सोडवले, परीक्षेत मार्कही पडले. त्यामुळे प्लास्टिकच्या छोट्या यानात सात-आठ दिवे बसवणे म्हणजे एका रविवारचे काम, असे मी समजत होते. किट एकदा चिकटवले की पुन्हा उघडत नाही, हे ते यान हातात घेऊन बसल्यावर कळले. मागच्या दिवाळीत ते गॅलरीत टांगले, तेवढाच त्याचा उपयोग.

स्केल मॉडेलचा छंद असलेल्या अनेकांना कधी ना कधी हा मोह होतो. किट महाग, त्यातून बाहेरून मागवलेले असेल तर आणखी महाग. दिवे मात्र काही रुपयांना नग. म्हणजे चूक होते स्वस्त वस्तूची आणि वाया जाते महाग वस्तू. ती टाळायची कशी, कोणते काम आधी आणि कोणते नंतर, गणित किती लागते, हे समजून घेऊ या.

कोणते यान आणि हेच का?

उदाहरणासाठी ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील मूळ ‘एंटरप्राइझ’ घेऊ. कथेतील या यानाची लांबी २८९ मीटर. त्यामुळे १:१००० प्रमाणातील किट जोडल्यावर साधारण २९ सेंटिमीटरचे, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढे होते. १:३५० प्रमाणातील मोठे किट ८२ सेंटिमीटरच्या घरात जाते. मोठ्या यानात हात घालायला जागा असते, पण दिव्यांची संख्या, तारा आणि खर्चही त्याच हिशेबाने वाढतो.

एंटरप्राइझ शिकायला चांगले, कारण दिव्यांचे जवळपास सगळे प्रकार त्यात आहेत. वर मोठी थाळी. खाली लांबट नळकांड्यासारखे धड. दोघांना जोडणारी बारीक मान. धडातून वर निघालेल्या दोन पातळ दांड्या आणि त्यांच्या टोकाला दोन लांब इंजिने. इंजिनांच्या तोंडाशी लालसर घुमट. थाळीच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा. शिवाय खिडक्या.

हा लाल-हिरव्याचा नियम काल्पनिक नाही. जहाजे आणि विमाने तोच पाळतात. रात्री विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी मान वर करून पाहिले तर विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल आणि उजव्याला हिरवा दिवा दिसेल. डावी-उजवी बाजू नेहमी आत बसलेल्या माणसाची धरायची. मॉडेल समोरून पाहताना इथेच गोंधळ होतो.

मालिकेतल्या यानात दिवे कसे होते?

चित्रीकरणासाठी वापरलेले मूळ मॉडेल सुमारे ११ फूट लांब आणि मुख्यतः लाकडाचे आहे. ते आज वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे. १९७४ मध्ये ते संग्रहालयाकडे आले. मालिका १९६६ मध्ये सुरू झाली, पण १९६४ मध्ये मॉडेल तयार झाले तेव्हा त्यात आतले दिवेच नव्हते. ते नंतर बसवण्यात आले.

नंतर दिवे बसवायचे म्हणजे तारा कुठून तरी बाहेर काढायच्या. त्या यानाच्या डाव्या अंगातून काढल्या गेल्या. त्यामुळे डाव्या बाजूचे बारीक काम अर्धवटच राहिले आणि चित्रीकरण उजव्या बाजूने होऊ लागले. इंजिनांच्या घुमटांमागे लुकलुकणारे छोटे बल्ब आणि मोटरवर फिरणारी पाती होती. त्यातून आत काहीतरी गरगरत असल्याचा भास व्हायचा. २०१६ मध्ये जीर्णोद्धार करून मॉडेल पुन्हा प्रदर्शनात मांडले, तेव्हा जुन्या बल्बांऐवजी एलईडी बसवण्यात आले.

एलईडीमुळे हे काम घरच्या टेबलावर शक्य झाले. जुने बल्ब तापतात. बंद प्लास्टिकच्या डब्यात ते धोक्याचे. आपण वापरणार असलेल्या प्रवाहात एका एलईडीला जेमतेम १२-१३ मिलिवॉट वीज लागते. प्लास्टिक मऊ होण्याइतकी उष्णता त्यातून निघत नाही.

पहिले काम प्रकाश अडवण्याचे का?

किटचे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. हातात घेतल्यावर ते अपारदर्शक वाटते. पण एखादा भाग मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा, बोटांची सावली आरपार दिसेल. आत एलईडी लावला की तेच होते. बाहेरून रंग दिला तरी तो पुरत नाही. नवशिक्यांची सर्वात मोठी चूक हीच, आणि माझीही हीच होती. मी आधी दिवे बसवले आणि प्रकाश अडवायचा असतो हे नंतर वाचले.

उपाय साधा आहे. प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ थर द्यायचे. वाळल्यावर भाग टॉर्चवर धरून तपासायचा. जिथे प्रकाश झिरपतो तिथे आणखी एक हात. पूर्ण काळोख झाला की त्यावर पांढरा किंवा चंदेरी रंग. काळा थर प्रकाश अडवतो, पांढरा थर तो आतल्या आत परतवून खिडक्यांकडे पाठवतो. हा क्रम उलटा करू नका. काळा थर वर आला तर दिव्याचा अर्धा प्रकाश तोच गिळतो.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे काही वेळा प्लास्टिक खातो. म्हणून भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, त्या चौकटीच्या तुकड्यावर आधी मारून पाहा. ब्रशने लावायचा ॲक्रिलिक रंग सर्वात बिनधोक. दुसरे, जिथे दोन भाग चिकटणार त्या कडांवरचा रंग खरवडून काढा, कारण मॉडेलचा गोंद प्लास्टिक विरघळवून जोड करतो. रंगावर तो धरत नाही. तिसरे, यान बंद करताना जोडांच्या फटी आतून पट्टीने झाका. एसीच्या पाइपला लावतात ती ॲल्युमिनियमची चिकटपट्टी उत्तम. मात्र तिच्यातून वीज वाहते. उघडी तार तिला टेकली की शॉर्ट झालाच म्हणून समजा.

गणित किती लागते?

दहावीचे. ओहमचा नियम पुरतो.

एलईडीला ठरावीक व्होल्टेज लागते. लाल एलईडी सुमारे २ व्होल्टला पेटतो. पांढरा, निळा आणि हल्ली मिळणारा तेजस्वी हिरवा यांना सुमारे ३ व्होल्ट लागतात. त्यापुढे व्होल्टेज थोडे जरी वाढले तरी प्रवाह भराभर वाढतो आणि एलईडी जळतो. म्हणून मध्ये रेझिस्टर लावायचा. त्याची किंमत काढायची रीत अशी : पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून एलईडीचे व्होल्टेज वजा करा आणि उरलेल्याला हव्या त्या प्रवाहाने भागा.

साध्या एलईडीची कमाल मर्यादा बहुधा २० मिलिअँपिअर असते. पण मॉडेलमध्ये तेवढा उजेड डोळ्यांत खुपतो. ५ मिलिअँपिअर भरपूर झाले. मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट धरले तर :

पांढरा किंवा हिरवा : ५ वजा ३ म्हणजे २ व्होल्ट. त्याला ०.००५ अँपिअरने भागले की ४०० ओहम. बाजारात मिळणारा पुढचा सोयीचा आकडा ४७०. त्यावरील पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी.

लाल : ५ वजा २ म्हणजे ३ व्होल्ट. भागाकार ६०० ओहम. पुढचा सोयीचा आकडा ६८०. पट्टे निळा, राखाडी, तपकिरी.

नेमका आकडा मिळाला नाही तर नेहमी मोठा घ्या. उजेड किंचित कमी होईल, एलईडी मात्र टिकेल. पाव वॉटचे नेहमीचे रेझिस्टर पुरतात.

लाल पेटतो, पांढरा पेटत नाही, असे का?

हा माझा दुसरा फटका. जागा वाचवायला मी सगळे एलईडी समांतर जोडले आणि सर्वांना मिळून एकच रेझिस्टर दिला. लाल झकास पेटले. पांढरा एकही नाही. दुकानदाराने खराब माल दिला, अशी माझी खात्रीच पटली. मी तावातावाने दुकानात गेले. त्याने माझ्यासमोर एकेक पांढरा एलईडी बटण सेलला टेकवला. सगळे पेटले. मग जोडणीचा फोटो पाहून त्याने एवढेच विचारले, ‘‘मॅडम, रेझिस्टर एकच?’’

पाण्याच्या टाकीने हे पटकन समजते. टाकीला बारीक नळाने पाणी येते आहे. एक भोक दोन फुटांवर, दुसरे तीन फुटांवर. पाणी दोन फुटांपर्यंत चढते आणि खालच्या भोकातून वाहू लागते. तीन फुटांपर्यंत ते पोचतच नाही. लाल एलईडी म्हणजे खालचे भोक. तो व्होल्टेज २ च्या आसपास धरून ठेवतो. पांढऱ्याला लागणारे ३ व्होल्ट मिळतच नाहीत.

सगळे एकाच रंगाचे असले तरी ही जोडणी बरी नव्हे. दोन एलईडी अगदी सारखे नसतात. एक जास्त प्रवाह ओढतो, दुसरा मंद राहतो. म्हणून नियम सरळ : प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर.

वीज कुठून द्यायची?

पहिल्या यानाला मोबाइल चार्जर सर्वात सोपा. जुनी, मोठ्या चपट्या तोंडाची यूएसबी केबल कापा. आत सहसा लाल तार ५ व्होल्टची आणि काळी ऋण असते, पण मल्टिमीटरने तपासल्याशिवाय जोडू नका. उरलेल्या दोन तारा वेगवेगळ्या कापून त्यांवर टेप लावा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल घेऊ नका. समोर कोणते उपकरण आहे हे कळल्याशिवाय तसा चार्जर वीजच सोडत नाही.

पॉवरबँकवर लावाल तर आणखी एक गंमत होते. सात एलईडी मिळून साधारण ३० मिलिअँपिअर घेतात. एवढ्याशा प्रवाहाने फोन भरून झाला असे अनेक पॉवरबँकांना वाटते आणि त्या थोड्या वेळाने बंद पडतात. बिघाड दिव्यांत नसतो.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी चालते, पण मग रेझिस्टर बदलावे लागतात. पांढऱ्याला १२०० ओहमच्या आसपास, लालला त्याहून थोडा मोठा. ती महाग पडते आणि लवकर संपते. पेन्सिल सेल तीन लावले तर साडेचार व्होल्ट होतात आणि ते बरेच दिवस पुरतात. मात्र सेल उतरू लागले की पांढरे दिवे आधी मंदावतात.

तारा आधीच जोडलेले एलईडीही मिळतात. सोल्डरिंगची भीती असेल तर जरूर घ्या. पण विचारून घ्या. अनेकदा ते १२ व्होल्टसाठी असतात, कारण काळ्या नळीच्या आत तसा रेझिस्टर लपलेला असतो. ५ व्होल्टवर ते मिणमिणतात.

सुटे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळते. ऑनलाइनही मिळते. पण पहिल्या वेळी दुकानात जाण्याचा फायदा मला तरी झाला.

बारीक दांड्यांतून तार न्यायची कशी?

एंटरप्राइझमधला कठीण भाग हाच. इंजिनांच्या दांड्या इतक्या पातळ की नेहमीची प्लास्टिकची तार आत मावत नाही. इथे कामाला येते ती मोटर वाइंडिंगची तार. तांब्याच्या तारेवर इन्शुलेशनचा पारदर्शक लेप असतो. ३६ नंबरची तार लेप सोडून ०.२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. एवढी बारीक तार पुरेल का, ही शंका नको. तिच्या एका मीटरला ओहमभरही अडथळा नसतो; आपल्या प्रवाहाला तो जाणवत नाही.

मोटर वाइंडिंगचे दुकान जवळपास प्रत्येक गावात असते. आमच्या गल्लीतल्या काकांनी रिळावर उरलेली तार पैसे न घेता दिली. तासाभराने मी परत गेले, कारण सोल्डर तारेला धरतच नव्हते. काका हसले. ‘‘अगं, वरचा थर खरवडलास का? तो काढल्याशिवाय कशी धरेल?’’ ब्लेडने किंवा बारीक पॉलिश पेपरने टोकाचा अर्धा सेंटिमीटर खरवडा, तांबे चमकू लागले की सोल्डर लगेच धरते.

दांडीच्या आतल्या बाजूला ब्लेडने बारीक खाच पाडा, तार तिच्यात बसवा आणि मग दोन्ही अर्धे जोडा. जोडताना तार दोन कडांमध्ये चिमटली तर लेप फाटतो, म्हणून प्रत्येक जोडानंतर मल्टिमीटरने तपासा.

सोल्डरिंग यानाच्या आत कधीच करू नका. आयर्नचे टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास असते आणि पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या सुमारास मऊ पडते. एलईडीला तारा बाहेरच जोडा, तपासा आणि मग आत बसवा. हॉट ग्लूही पातळ प्लास्टिकला वाकवू शकतो.

रेझिस्टर कुठे ठेवायचे? शक्यतो यानात नको, स्टँडच्या तळात. सात दिव्यांच्या सात तारा आणि सर्वांची मिळून एक ऋण, अशा आठ बारीक तारा स्टँडच्या नळीतून सहज उतरतात. प्रत्येकीला कागदी पट्टी लावून नाव लिहा. याचा फायदा नंतर कळतो. हिरवा फार प्रखर वाटला तर तळ उघडून मोठा रेझिस्टर लावता येतो. यान फोडावे लागत नाही.

खिडक्या कशा पाडायच्या?

हाताने फिरवायचे बारीक गिरमिट आणि अर्धा ते एक मिलिमीटरची टोके घ्या. आधी सुईने खूण करा, नाहीतर टोक घसरते. जोर देऊ नका, सावकाश फिरवा. आत प्रकाश अडवणारा रंग देण्यापूर्वी भोके पाडली तर बरे, नाहीतर कडांचा रंग उडतो. भोक दुधी गोंदाच्या थेंबाने भरा. फेविकॉलसारखा पांढरा गोंद वाळला की जवळपास पारदर्शक होतो आणि काचेचा भास देतो. बाहेरचा रंगही आधीच उरकून घ्या, म्हणजे खिडक्या बुजणार नाहीत.

फार बारीक दिव्यांसाठी प्लास्टिकचे ऑप्टिकल फायबर वापरतात. पाव मिलिमीटरपासून ते मिळते. एकाच एलईडीसमोर दहा-बारा तंतूंची जुडी धरली की दहा-बारा ठिपके मिळतात. दोन पथ्ये पाळा. तंतू कोपऱ्यावर मोडून वळवू नका, सैल वळण द्या. आणि इन्स्टंट ग्लू लावू नका. त्याने तंतू ठिसूळ होऊन तुटतात, शिवाय त्याच्या वाफेने आसपासच्या पारदर्शक भागांवर पांढरे धुके चढते. इथेही दुधी गोंदच बरा.

इंजिनांच्या घुमटात थेट एलईडी ठेवला तर मधोमध एक झगमगता ठिपका दिसतो आणि कडा अंधारात राहतात. एलईडीचे गोल टोक पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा किंवा घुमटाच्या आतून बटर पेपरचा तुकडा लावा. प्रकाश पसरतो.

चिकटवण्यापूर्वी काय तपासायचे?

हा टप्पा वगळला तर वरची सगळी मेहनत पाण्यात. यान फक्त चिकटपट्टीने तात्पुरते जोडा. दिवे लावा. खोलीत पूर्ण अंधार करा. मग मोबाइलचा कॅमेरा नाइट मोडवर ठेवून सर्व बाजूंनी फोटो काढा. डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी फोटोत ठळक दिसतात. त्या जागा पेन्सिलने नोंदवा, उघडा, रंग किंवा पट्टी लावा, पुन्हा तपासा. मला दुसऱ्या यानाला चार फेऱ्या लागल्या.

त्यानंतर दिवे चोवीस तास सलग चालू ठेवा. कच्चा जोड असेल तर तो याच काळात उघडा पडण्याची शक्यता जास्त. यान हळूच हलवून पाहा, एखादा दिवा लुकलुकतो का? लुकलुकला तर सोल्डर पुन्हा मारा. हे सगळे पार पडल्यावरच गोंदाची बाटली उघडा.

घरात लहान मुले असतील तर?

एलईडी तपासायला सीआर २०३२ हा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल फार सोयीचा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला, आखूड ऋण बाजूला टेकवला की झाले. पण हाच सेल या सगळ्या सामानातली सर्वात धोकादायक वस्तू आहे. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर इजा होऊ शकते. शंका जरी आली तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. सेल मोजून काढा आणि मोजून ठेवा.

सोल्डरच्या तारेत बहुधा शिसे असते. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, त्याच टेबलावर खाऊ नका, खिडकी उघडी ठेवा. मुलांना रंगकाम, बटर पेपर, तारांवर नावे लिहिणे ही कामे द्या. दिवाळीच्या किल्ल्यात दिव्यांची माळ कुठून फिरवायची हे ज्यांना कळते, त्यांना यानातल्या तारांचा रस्ताही सुचतो.

पहिल्यांदा किती दिवे लावायचे?

सात. दोन इंजिनांत दोन लाल, थाळीच्या कडेला एक लाल आणि एक हिरवा, वरच्या घुमटात एक पांढरा, खिडक्यांसाठी थाळीत एक आणि धडात एक पांढरा. फिरणारी इंजिने, उघडझाप, रिमोट हे सगळे दुसऱ्या यानासाठी राखून ठेवा. आणि ते पहिले यानही महागडे नको. रंग, गिरमिट आणि सोल्डरिंगचा सराव एखाद्या स्वस्त किटवर करून घ्या.

माझे दुसरे एंटरप्राइझ आता पुस्तकांच्या कपाटात आहे. अंग काळोखात, फक्त खिडक्या उजळलेल्या. आईने या वेळी आकाशकंदील म्हटले नाही. खिडक्या मोजल्या आणि ‘‘आत कोण राहतं?’’ असे विचारले. यान बंद करताना शेवटच्या क्षणी थाळीच्या डाव्या कडेची तार चिमटली गेली. तिथला लाल दिवा चोवीस तासांच्या चाचणीत पेटला होता, गोंद वाळल्यावर पेटला नाही. उघडायचा प्रयत्न केला नाही. यान उजवी बाजू बाहेर करून ठेवले आहे. वॉशिंग्टनमधल्या त्या ११ फुटी यानाचीही चांगली बाजू तीच.